एका मशीनवरून आठ मशीनवर : टेस्ट सूट वाटून चालवताना

तोलकाट्याची पावती, ओलाव्याची काट, हमाली, शेतकऱ्याचं देणं आणि संध्याकाळी कीर्द. कापूस खरेदीच्या हिशोबाचं हे सॉफ्टवेअर पायथॉनमध्ये आहे, मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि समोर ब्राउझर. टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्रॅम, दोन हजारांच्या घरात. त्यांचा सगळा संच म्हणजे सूट. काम चालतं यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, जिनिंगला लागून असलेल्या खोलीत. भाड्याच्या क्लाउड मशीनवर सूट चालवणं इथे परवडत नाही. पैशाचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न इंटरनेटचा. ते कधी जाईल याचा नेम नाही आणि प्रोग्रॅमची गिगाबाइटभर इमेज (बांधलेली प्रत) वर-खाली करण्याइतका वेगही नाही. म्हणून बंद पडलेल्या संगणक क्लासचे सहा जुने डेस्कटॉप आणि दोन वापरलेले लॅपटॉप एका नेटवर्क स्विचवर जोडले. टेस्ट लाल, म्हणजे फेल, झाली तर दोष कोडचाच आहे, असं डोळे झाकून म्हणता यावं हे या जोडणीचं उद्दिष्ट. वेगाचं नंतर पाहायचं होतं.

सुरुवात एकाच मशीनवर केली. जो सूट एका मशीनवर धड चालत नाही, तो आठांवर आठपट गोंधळ घालतो. पहिलं काम म्हणजे टेस्ट चालवणाऱ्या पायटेस्टला ‘ड्युरेशन्स’ हा पर्याय देऊन सर्वात मंद २५ टेस्टची यादी काढणं. कुठल्याही जुन्या सूटमध्ये मूठभर टेस्ट निम्मा वेळ खातात, आणि त्यांची कारणंही ठरलेली असतात. कुणीतरी ‘स्लीप ५’, म्हणजे पाच सेकंद नुसतं थांब, असं लिहून ठेवलेलं असतं. किंवा प्रत्येक टेस्टसाठी डेटाबेस नव्याने उभा राहतो, जिथे ट्रान्झॅक्शन उघडून शेवटी रोलबॅक केला, म्हणजे सगळे बदल मागे घेतले, तरी भागतं. किंवा प्रत्येक टेस्टमध्ये वापरकर्ता तयार होतो आणि त्याचा पासवर्ड हॅश करण्यात, म्हणजे साठवण्यासाठी सांकेतिक रूपात बदलण्यात, वेळ जातो. हे हॅशिंग मुद्दाम मंद ठेवलेलं असतं. जँगो या वेब फ्रेमवर्कच्या ४.२ आवृत्तीत पीबीकेडीएफ२ या हॅश पद्धतीच्या ६,००,००० फेऱ्या होतात. टेस्टच्या सेटिंगमध्ये तिथे साधा एमडी५ लावला की लॉगिन लागणाऱ्या सगळ्या टेस्ट एकदम हलक्या होतात. ही सेटिंग फाइल खऱ्या सर्व्हरवर कधीच जाता कामा नये, हे वेगळं सांगायला नको.

स्लीपच्या जागी वाट पाहणारी फेरी लावायची : दर ५० मिलीसेकंदांनी पावती तयार झाली का ते पाहा, झाली की पुढे जा, १० सेकंदांत झाली नाही तर फेल. यात वेळ वाचतो, पण खरा फायदा पुढे, मंद मशीनवर कळतो. ‘स्लीप ५’ वेगवान मशीनवर साडेचार सेकंद वाया घालवतं आणि रखडलेल्या मशीनवर अपुरं पडतं.

पोस्टग्रेसला टेस्टपुरतं डिस्कची काळजी करू नकोस असं सांगता येतं. ‘एफसिंक’, ‘सिंक्रोनस कमिट’ आणि ‘फुल पेज राइट्स’ या तीन सेटिंग बंद करायच्या. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर याचा फरक कुठल्याही नव्या सुट्या भागापेक्षा जास्त पडतो. मात्र अशा अवस्थेत लाइन गेली तर तो डेटाबेस विश्वासाचा राहत नाही. वरून चांगला दिसेल, पण आत अर्धवट पानं असू शकतात. त्यामुळे नियम असा की मशीन अचानक बंद पडली असेल तर पुन्हा सुरू होताना स्क्रिप्टने डेटाची डिरेक्टरी पुसायची आणि ‘इनिटडीबी’ने डेटाबेस नव्याने उभा करायचा. दुरुस्ती करत बसायचं नाही. रॅम ८ जीबी असेल तर ही डिरेक्टरी थेट टीएमपीएफएसवर, म्हणजे रॅममधल्या फाइल सिस्टिमवर, ठेवावी. लाइन गेली की ती आपोआपच नाहीशी होते, पुसायची आठवणही ठेवावी लागत नाही.

मग टेस्टचा क्रम बिघडवून पाहिला. पायटेस्ट-रँडमली हे प्लगिन प्रत्येक रनमध्ये क्रम बदलतं आणि वापरलेलं बीज (क्रम ठरवणारा आकडा) छापतं. तेच बीज परत दिलं की तोच क्रम पुन्हा मिळतो. वर्षानुवर्षं हिरव्या असलेल्या टेस्ट इथे धडाधड पडतात, कारण त्या आधीच्या कुठल्या तरी टेस्टने मागे ठेवलेल्या शेतकऱ्याच्या नोंदीवर उभ्या असतात. टेस्ट मशीनमशीनवर वाटल्यावर क्रम तसाही मोडणारच असतो. तो आधी एकाच मशीनवर, हाताशी डीबगर असताना मोडलेला बरा.

त्यानंतर समांतर रन. पायटेस्ट-एक्सडिस्ट हे प्लगिन लावून ‘-एन ४’ दिलं की टेस्ट चालवणाऱ्या चार प्रोसेस, म्हणजे वर्कर, उठतात, नावं जीडब्ल्यू० ते जीडब्ल्यू३. ‘-एन ऑटो’ कोअर मोजतो, रॅम मोजत नाही. इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या आय३ प्रोसेसरवर दोन कोअर, चार थ्रेड आणि बहुतेक वेळा ४ जीबी रॅम असते. तिथे ब्राउझरच्या चार टेस्ट एकदम चालवल्या की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, स्वतःच एखादी प्रोसेस मारतो. एक्सडिस्ट मग फक्त ‘वर्कर क्रॅश झाला’ एवढंच म्हणतो, कारण सांगत नाही. कारण ‘डीमेसेग’ या कर्नलच्या नोंदींमध्ये ‘किल्ड प्रोसेस’ शोधल्यावर सापडतं. आम्ही ४ जीबीच्या मशीनवर ब्राउझरसाठी एक आणि बाकी टेस्टसाठी दोन वर्कर, असे आकडे हाताने ठरवून दिले.

समांतर रनमध्ये भांडणं होतात ती सामायिक वस्तूंवरून. डेटाबेस प्रत्येक वर्करचा वेगळा हवा. ‘पायटेस्ट एक्सडिस्ट वर्कर’ नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये वर्करचं नाव मिळतं, ते डेटाबेसच्या नावाला जोडायचं. नेटवर्क पोर्टचा आकडा ठरावीक लिहायचा नाही. शून्य पोर्ट मागितला की ऑपरेटिंग सिस्टिम मोकळा पोर्ट काढून देते. तात्पुरत्या फाइल पायटेस्टच्या ‘टीएमपी पाथ’ या तयार सोयीतूनच (फिक्सचर) घ्यायच्या, कोडमध्ये ‘/टीएमपी/पावती.पीडीएफ’ असा पत्ता दिसला की तो बदलायचा. पोस्टग्रेसची जोडण्यांची मर्यादा मुळात १०० असते. वर्कर वाढले आणि प्रत्येकाने १५-२० जोडण्यांचा राखीव संच (पूल) धरला की ती संपते, आणि मग भलत्याच टेस्ट फेल होतात.

एक चूक सगळ्यांनाच चकवते : ‘जीडब्ल्यू० आणि जीडब्ल्यू१ वर वेगवेगळ्या टेस्ट गोळा झाल्या’. एक्सडिस्टमध्ये प्रत्येक वर्कर पूर्ण यादी स्वतः गोळा करतो, आणि सगळ्यांची यादी त्याच क्रमाने जुळली नाही तर रन सुरूच होत नाही. एकच टेस्ट वेगवेगळ्या माहितीवर चालवणाऱ्या पॅरामेट्राइझला सेट, म्हणजे क्रम नसलेला संग्रह, दिला की हे होतं. पायथॉन ३.३ पासून स्ट्रिंगचे हॅश (मजकुरावरून काढलेले आकडे) प्रत्येक प्रोसेसमध्ये वेगळे पडतात, त्यामुळे सेटचा क्रमही बदलतो. सेटला ‘सॉर्टेड’मध्ये गुंडाळलं की प्रश्न मिटतो. आणखी एक : समांतर रनमध्ये ‘-एस’ देऊनही प्रिंट दिसत नाही, डीबगरही थांबत नाही. तपासायचं तर ती एकच टेस्ट ‘-एन ०’ देऊन चालवावी.

इथवर आलं तरच दुसऱ्या मशीनला हात लावायचा. एक्सडिस्टमध्ये एसएसएचने दूरच्या मशीनवर टेस्ट पाठवण्याची सोय होती, पण ती एक्सडिस्टच्या कर्त्यांनीच मोडीत काढायला घेतली आहे. म्हणून साधी हत्यारं वापरली : गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळायला), एसएसएच (दूरच्या मशीनवर कमांड चालवायला) आणि जीएनयू पॅरलल (कामं वाटायला).

कोड पोचवण्याचे दोन मार्ग आहेत. जिथून कामं वाटली जातात त्या मुख्य मशीनवर बेअर रिपॉझिटरी (कोडचं गिट-भांडार) ठेवून वर्करने (इथून पुढे वर्कर म्हणजे टेस्ट चालवणारी मशीन) ठरावीक कमिट, म्हणजे नोंदवलेली आवृत्ती, ओढून घ्यायची, किंवा आरसिंक या प्रोग्रॅमने फाइल ढकलायच्या. कमिट न केलेला बदल तपासायचा असेल तर आरसिंक सोयीचा, पण त्यात एक खोड आहे. ‘डिलीट’ पर्याय दिला नाही तर इकडे काढून टाकलेली टेस्ट फाइल तिकडे राहते आणि चालत राहते. ‘डिलीट’ दिला आणि पायकॅश (पायथॉनच्या बाइटकोडची डिरेक्टरी) वगळला, तर काढलेल्या पॅकेजची डिरेक्टरी रिकामी न झाल्यामुळे तशीच उरते. पायथॉन ३ त्या उरलेल्या डिरेक्टरीला नेमस्पेस पॅकेज (वैध पॅकेजचा एक प्रकार) समजतो, आणि जी इम्पोर्ट मोडायला हवी ती मोडतच नाही. वर्करवर पायथॉनला बाइटकोड लिहायला मनाई केली की ही डिरेक्टरी उरत नाही. रात्रीच्या पूर्ण रनसाठी आम्ही गिटच वापरतो : फेच, जबरदस्तीने चेकआउट, मग ‘गिट क्लीन -एफडीएक्स’. हा क्लीन दुर्लक्षित फाइलही उडवतो, त्यामुळे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रकल्पापुरती पॅकेजेस ठेवायची डिरेक्टरी) रिपॉझिटरीच्या बाहेर ठेवायचं. ते एका मशीनवरून दुसऱ्यावर कॉपी करून चालत नाही, आत पूर्ण पत्ते लिहिलेले असतात. पॅकेजेस मुख्य मशीनवर ‘पिप डाउनलोड’ने एकदा उतरवून ठेवायची आणि वर्करवर ‘नो इंडेक्स’ आणि ‘फाइंड लिंक्स’ देऊन तिथूनच बसवायची. इंटरनेट आठवडाभर नसलं तरी हे अडत नाही. अट एकच, पायथॉनची आवृत्ती सगळीकडे तीच हवी. ३.१० साठी उतरवलेलं बांधीव (आधीच कंपाइल केलेलं) पॅकेज ३.१२ घेत नाही.

एसएसएचमध्ये चार गोष्टी ठरवून टाकल्या. ‘बॅचमोड’ चालू, म्हणजे किल्ली चुकली तर पासवर्ड विचारत लटकत नाही, लगेच फेल होतं. ‘कनेक्ट टाइमआउट’ ५ सेकंद. ‘सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल’ १५ आणि त्याची मोजणी ३, म्हणजे समोरची मशीन मेली तर ४५ सेकंदांत कळतं. आणि शेल स्क्रिप्टच्या ‘व्हाइल रीड’ फेरीत एसएसएच वापरलं तर त्याला ‘-एन’ द्यायचंच. नाहीतर ते मशीनची उरलेली यादी स्वतः गिळतं आणि पहिल्या मशीननंतर फेरी गुपचूप संपते. उबुंटूची ‘बॅशआरसी’ फाइल संवादी शेल नसेल तर सुरुवातीलाच परत फिरते, त्यामुळे तिच्या तळाशी लिहिलेला पाथ (कमांड शोधायच्या डिरेक्टरींची यादी) एसएसएचमधून चालवलेल्या कमांडला दिसत नाही. हातावर चालणारी कमांड तिथे १२७, म्हणजे ‘कमांड सापडली नाही’, देते. पूर्ण पत्ता लिहिणं हा सर्वात कमी कटकटीचा उपाय.

आता वाटणी. पायटेस्ट-स्प्लिट आधीच्या रनमधल्या वेळा एका फाइलमध्ये साठवतो आणि सूटचे जवळपास समान वेळेचे गट पाडतो. सगळ्या मशीन सारख्या असतील तर हे पुरेसं आहे. आमच्याकडे एक लॅपटॉप आठव्या पिढीचा आणि बाकी बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे आय३. समान वाटणी केली की लॅपटॉप लवकर मोकळा होतो आणि सर्वात जुनी मशीन सगळ्यांना ताटकळत ठेवते. त्याऐवजी रांग बरी. टेस्ट फाइलींची यादी वेळेनुसार उतरत्या क्रमाने लावायची, आणि जी मशीन मोकळी होईल तिने पुढची फाइल उचलायची. जीएनयू पॅरलल हे आपोआप करतो. मशीनच्या फाइलमध्ये नावाआधी ‘२/’ लिहिलं की त्या मशीनवर एका वेळी दोनच कामं जातात.

लांब काम आधी का, ते हिशोबाने पाहा. समजा एकूण ४० मिनिटांचं काम आहे आणि आठ सारख्या मशीन आहेत. सगळं नीट बसलं तर ५ मिनिटं. पण त्यात ४ मिनिटांची एक फाइल असेल आणि ती रांगेत शेवटी लागली, तर बाकी सगळे साडेचार मिनिटांत संपून बसतात आणि ती एकटी साडेआठव्या मिनिटापर्यंत चालते. आधी घेतली तर ५ मिनिटांतच उरकतं. आणि फाइलच ९ मिनिटांची असेल तर आठ काय, ऐंशी मशीन लावल्या तरी ९ मिनिटांच्या खाली जाता येत नाही. ती फाइल फोडावीच लागते. उलट टोकाला, एकेक टेस्ट वेगळी पाठवली तर प्रत्येक वेळी पायथॉन आणि डेटाबेस उठवण्यातच वेळ जातो. एक काम साधारण २० ते ६० सेकंदांचं असलं की दोन्ही बाजू सांभाळल्या जातात.

सर्वात महत्त्वाचा भाग आहे एक्झिट कोड, म्हणजे प्रोग्रॅम संपताना देतो तो आकडा, आणि हा भाग बहुतेक ठिकाणी उरकून टाकलेला दिसतो. पायटेस्ट ० देतो तेव्हा सगळं पास. १ म्हणजे काही टेस्ट फेल. २ म्हणजे रन मध्येच थांबला, गोळा करतानाच्या चुकाही यातच येतात. ३ ही पायटेस्टची आतली चूक, ४ म्हणजे कमांड चुकीची, ५ म्हणजे एकही टेस्ट सापडली नाही. यापलीकडचे आकडे मशीनचे : १३२ म्हणजे प्रोसेसरला न समजणारी सूचना, १३७ म्हणजे प्रोसेस मारली गेली, बहुधा रॅम संपल्याने, १३९ म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट, १२४ म्हणजे ‘टाइमआउट’ कमांडने थांबवलं, आणि २५५ म्हणजे एसएसएच स्वतःच तुटलं.

पॅरललमध्ये ‘रिट्राइज’ नावाचा पर्याय आहे. फेल झालेलं काम तो शक्यतो दुसऱ्या मशीनवर पुन्हा पाठवतो. तो तसाच लावला तर खऱ्या फेल टेस्टही पुन्हा पुन्हा चालतात, आणि एखादी डळमळीत (कधी पास, कधी फेल होणारी) टेस्ट तिसऱ्या वेळी हिरवी होऊन निसटते. म्हणून वर्करवर पायटेस्टभोवती आठ-दहा ओळींची स्क्रिप्ट ठेवली. ती निकालाची जेयुनिट एक्सएमएल फाइल लिहून घेते आणि पायटेस्टने ० किंवा १ दिला तर पॅरललला ० सांगते, कारण काम नीट पार पडलं आहे. टेस्ट पास की फेल हे एक्सएमएलमधून कळेल. बाकी सगळे आकडे ती जसेच्या तसे पुढे देते. मग पुन्हा पाठवलं जातं ते फक्त मशीनमुळे अडलेलं काम. लाइन गेल्याने २५५ आलेलं काम दुसरीकडे जातं आणि कोडचा दोष आहे तिथेच उघडा राहतो.

शेवटी मोजणी. ‘कलेक्ट ओन्ली’ने आधीच मोजून ठेवलेली टेस्टची एकूण संख्या आणि सगळ्या एक्सएमएलमधल्या टेस्टची बेरीज जुळलीच पाहिजे. न चालवलेली टेस्ट कधी लाल होत नाही. एका वर्करची फाइल परत आलीच नाही आणि ही मोजणी नसेल, तर अहवाल खुशाल हिरवा दिसतो. बेरीज जुळली नाही तर रन रद्द, हिरवा-लाल काहीच म्हणायचं नाही.

आता गावाची बाजू, जिच्यावर खरा वेळ जातो.

लाइन आधी. लॅपटॉपला बॅटरी असते म्हणून तो वर्कर म्हणून डेस्कटॉपपेक्षा भरवशाचा. पुन्हा घ्यायची वेळ आली तर सगळेच जुने लॅपटॉप घेऊ, स्क्रीन फुटलेले चालतील. डेस्कटॉप घरगुती इन्व्हर्टरवर असतील तर त्याचं बटण यूपीएस मोडवर आहे का ते पाहावं. साध्या मोडमध्ये बदल व्हायला लागणारा वेळ पंख्याला चालतो, संगणकाला नाही. चांगला एसएमपीएस (संगणकाचा वीजपुरवठा) वीज तुटल्यावर साधारण १६ मिलीसेकंद तग धरतो, जुना झाला की त्याहून कमी. स्विच आणि राउटरला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस हवाच. मशीन चालू आणि स्विच बंद ही अवस्था सर्वात वाईट, कारण वर्कर काम करत राहतात आणि मुख्य मशीनला ते मेलेले दिसतात.

लाइन परत येते तेव्हा पहिली काही मिनिटं व्होल्टेज वर-खाली होत असतं. त्यामुळे बायोसमध्ये ‘वीज आल्यावर बंदच राहा’ असं ठेवून, थोड्या वेळाने मुख्य मशीनवरून वेक-ऑन-लॅनने (नेटवर्कवरून मशीन सुरू करण्याची सोय) एकेक वर्कर उठवणं बरं. त्यासाठी ‘ईथटूल’ने नेटवर्क कार्डला ‘डब्ल्यूओएल जी’ सांगून ठेवावं लागतं. काही जुन्या बोर्डांवर वीज पूर्ण तुटल्यानंतर वेक-ऑन-लॅन चालत नाही, एकदा हाताने सुरू केल्याशिवाय कार्ड जागं होत नाही. त्यांना नाइलाजाने ‘वीज आल्यावर सुरू हो’ हेच द्यावं लागतं.

लाइन जाण्याशी घड्याळ बांधलेलं आहे. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल मेलेला असेल तर प्रत्येक वेळी मशीन कित्येक वर्षं मागच्या तारखेला उठते. मग एचटीटीपीएसची सर्टिफिकेट ‘अजून वैध नाहीत’ म्हणून नाकारली जातात, ‘मेक’ घड्याळ मागेपुढे असल्याचा इशारा देतो आणि लॉगिन टोकनच्या टेस्ट पडतात. सेल स्वस्त आहे, सगळ्या मशीनचे एकदम बदलून टाकावेत. शिवाय मुख्य मशीनवर क्रोनी हा घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम लावून त्यात ‘लोकल स्ट्रॅटम १०’ लिहायचं, म्हणजे इंटरनेट नसलं तरी ती बाकीच्यांना वेळ देत राहते. वर्करच्या क्रोनीत ‘मेकस्टेप १ -१’ ठेवलं की फरक कितीही असो, घड्याळ लगेच जुळतं. टेस्ट चालू असतानाच असं घड्याळ उडी मारू शकतं, म्हणून कालावधी मोजायला ‘टाइम’ऐवजी ‘मोनोटॉनिक’ हे उडी न मारणारं घड्याळ वापरायचं.

पूर्ण सूट आम्ही रात्री चालवतो, तेव्हा व्होल्टेज बरं असतं. पण मध्यरात्री १२ ते पहाटे ५.३० पर्यंत आपली तारीख आणि यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) तारीख वेगळी असते. कोडमध्ये एका जागी ‘आज’ भारतीय वेळेने आणि दुसऱ्या जागी यूटीसीने काढलेला असेल तर टेस्ट दिवसभर हिरवी आणि रात्री लाल. ही टेस्ट डळमळीत म्हणून बाजूला टाकू नये, तो खरा दोष आहे. १ एप्रिलच्या पहाटेची पावती मागच्या आर्थिक वर्षात जाऊन पडते ती याच कारणाने. अशा जागांसाठी फ्रीझगनने घड्याळ गोठवून चार टेस्ट मुद्दाम लिहाव्यात : रात्री ११.५९, १२.०१, पहाटे ५.२९ आणि ५.३१.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. जानेवारीत पास होणाऱ्या टेस्ट तेव्हा टाइमआउटने फेल होतात, कारण प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतो. इंटेलच्या मशीनवर ‘सिस’ फाइल सिस्टिममध्ये प्रत्येक कोअरसाठी ‘कोअर थ्रॉटल काउंट’, म्हणजे वेग किती वेळा कमी केला त्याची मोजणी, असतो. रनच्या आधी आणि नंतर तो वाचून अहवालात लिहायचा. आकडा वाढला असेल तर त्या मशीनच्या टाइमआउटवर विश्वास ठेवायचा नाही. कूलर लावावाच लागतो, पण त्याचा झोत थेट मशीनवर नको. ताट्यांमधून येणारा ओला वारा आणि धूळ मिळून उष्णता वाहून नेणाऱ्या पात्यांवर थर बसतो. जिनिंगच्या हंगामात त्यात रुईचे तंतू मिसळतात आणि पात्यांवर अक्षरशः नमदा तयार होतो. ऑक्टोबर ते मार्च दर महिन्याला ब्लोअर मारायचा, मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं. उन्हाळ्याआधी थर्मल पेस्ट बदलायची.

केबलचं थोडक्यात. ‘ईथटूल’ने वेग पाहायचा. १००० ऐवजी १०० दिसला तर चारपैकी एखादी जोडी तुटली आहे, उंदराने कुरतडली असेल किंवा क्रिम्पिंग नीट नसेल. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात, म्हणून जोडणी तुटत नाही, नुसती रेंगाळते. वेग मोजणाऱ्या आयपर्फ३ वर चांगली गिगाबिट जोडणी ९४० मेगाबिटच्या आसपास दाखवते, १०० ची ९४ च्या. १ जीबीची डॉकर इमेज (प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या फाइलींची एकत्र बांधलेली प्रत) पहिलीत ९ सेकंदांत जाते, दुसरीत दीड मिनिट घेते. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकूच नये. मृगाच्या सुमाराला वीज कडाडली की दोन्ही टोकांचे पोर्ट जातात. तिथे फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर.

मशीन सारख्या करायला डॉकर उपयोगी पडतो, पण त्याची हद्द ओळखून. मुख्य मशीनवर ५००० पोर्टवर रजिस्ट्री (इमेजचं भांडार) ठेवली आणि वर्करच्या ‘इनसिक्युअर रजिस्ट्रीज’मध्ये तिचा पत्ता लिहिला की इंटरनेटशिवाय इमेज मिळते. क्रोमच्या कंटेनरला (इमेजमधून चालणाऱ्या प्रोग्रॅमला) ‘एसएचएम साइझ’, म्हणजे सामायिक मेमरीचा आकार, वाढवून द्यायचा. मुळात तो ६४ एमबी असतो आणि तेवढ्यात टॅब कोसळतात. डॉकरने जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीची आवृत्ती सारखी होते, हे मराठी डेटासाठी फार कामाचं. उबुंटू १८.०४ वर जीलिबसी २.२७ आहे आणि २०.०४ वर २.३१. मधल्या २.२८ मध्ये अक्षरक्रमाचे नियम बदलले, त्यामुळे पोस्टग्रेसमधून नावांची यादी दोन मशीनवर दोन क्रमांनी येऊ शकते. फाँटही इमेजमध्येच टाकावा, आम्ही लोहित देवनागरी ठेवला आहे. नाहीतर एका वर्करच्या स्क्रीनशॉटमध्ये शेतकऱ्याच्या नावाऐवजी चौकटी दिसतात.

डॉकर प्रोसेसर मात्र बदलू शकत नाही. एव्हीएक्स२ हा प्रोसेसरच्या गणिती सूचनांचा संच इंटेलच्या चौथ्या पिढीपासून आला. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या आय३ मध्ये फक्त एव्हीएक्स, आणि त्या काळातल्या पेंटियम-सेलेरॉनमध्ये तेही नाही. गणिताची काही बांधीव पॅकेजेस या सूचना गृहीत धरतात आणि तिथे १३२ येतो. ‘एलएससीपीयू’ने आधीच पाहून अशा मशीनला ती कामं द्यायची नाहीत.

सगळं जुळल्यावरही काही टेस्ट डळमळीत राहतात, आणि संख्या मोठी असली की त्या फार छळतात. प्रत्येक टेस्ट विनाकारण हजारात एकदाच फेल होते असं धरलं, तरी दोन हजार टेस्टचा पूर्ण रन १०० पैकी ८६ वेळा लाल होईल. म्हणून डळमळीत टेस्टवर ‘रीरन’चं पांघरूण न घालता तिला वेगळी खूण करायची, वेगळ्या यादीत चालवायची आणि दुरुस्त झाल्यावरच परत मुख्य यादीत घ्यायची. ती यादी लांबत चालली तर नवं काम थांबवून आधी ती उरकायची.

तोलकाट्याच्या टेस्ट या सगळ्याच्या बाहेर आहेत. काटा सिरियल पोर्टवर, ९६०० बॉडच्या वेगाने, एकाच मशीनला जोडलेला आहे. एका वेळी एकाच प्रोसेसने तो पोर्ट वाचायला हवा, दुसरी आली की अर्धं वजन हिला आणि अर्धं तिला जातं. त्यांना ‘एक्सडिस्ट ग्रुप’ची खूण लावून ‘लोडग्रुप’ वाटणी दिली, म्हणजे त्या त्या मशीनवरच्या एकाच वर्कर प्रोसेसमध्ये एकामागून एक चालतात. रांगेतून त्या वगळल्या आहेत. बाकी मशीनवर नकली काटा चालतो, जो ठरावीक बाइट देतो, मध्येच तुटलेली ओळ आणि उणे वजनही देतो. खऱ्या काट्यावरच्या टेस्ट फक्त दुपारी चालवतो, जेव्हा जिनिंगमध्ये गाड्या उभ्या नसतात.